जबड्यात गाठ आहे, पण 'कॅन्सर नाही' म्हणाले : मग पुढे काय करायचं?

मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. आधार, सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, दिवसभर हेच. गावात कोणाचा कागद अडला की तो माझ्याकडे येतो. तरीही बायकोच्या जबड्यातल्या गाठीने मला अडीच वर्षं फिरवलं, आणि त्यातलं निम्मं फिरणं फुकटचं होतं. आता आजूबाजूच्या गावांतून कोणाला अशी गाठ निघाली की लोक केंद्रावर विचारायला येतात. दर वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय.

मी डॉक्टर नाही. गाठ कोणती, किती कापायची, हे डॉक्टरच ठरवतील. मी सांगतोय ते रस्त्याबद्दल.

आमच्या गाठीचं नाव अमेलोब्लास्टोमा. दातावरचं कडक पांढरं कवच ज्या पेशींपासून बनतं, त्या जातीच्या पेशी हाडात वाढत राहतात आणि ही गाठ होते. बहुतेक वेळा ती खालच्या जबड्यात, मागच्या दाढांकडे असते. ती कॅन्सर नाही. साधारणपणे अंगात दुसरीकडे पसरत नाही. पण जिथे आहे तिथलं हाड आतून पोखरत जाते.

१. दुखत नाही म्हणून बसून राहू नका

आमच्याकडे सुरुवात एका हलणाऱ्या दाढेपासून झाली. डावीकडची, खालची. मग गालाखाली जबड्याच्या कडेला टणक फुगवटा आला. दुखणं नाही, ताप नाही, पू नाही. ही डोक्यावरचा पदर गालाशी ओढून घ्यायची आणि उजव्या बाजूने जेवायची. आमची आई म्हणायची, "दुखतच नाई त दवाखान्यात कायले जा लागते?" आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं.

ही गाठ हळू वाढते आणि दुखत नाही, म्हणूनच ती हाडात इतकी जागा खाते. म्हणून एवढं लक्षात ठेवा: जबड्याच्या हाडाला टणक सूज आणि ती दोन-तीन आठवड्यांत उतरत नाही, धडधाकट दाढा आपोआप हलतात, दात जागेवरून सरकलेत, किंवा खालचा ओठ बधिर वाटतो, यातलं काहीही असेल तर दाखवायचं. शेक, हळदीचा लेप, नजर उतरवणं, हे करायचं असेल तर दवाखान्यातून आल्यावर करा.

२. आधी मोठा फोटो, मग दाढेला हात

पहिला खड्डा इथेच, आणि आम्ही त्यात पडलो. तालुक्याच्या ठिकाणी एका दातांच्या दवाखान्यात दाखवलं. फोटो न काढताच हलणारी दाढ उपटली आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. खड्डा भरला नाही, म्हणून परत गोळ्या, मग तिसऱ्यांदा गोळ्या.

जबड्यावर सूज असेल तर दाढ काढू देण्याआधी ओपीजी करून मागा. ओपीजी म्हणजे दोन्ही जबडे, सगळे दात एकाच पट्टीवर येतात तो मोठा एक्स-रे. मशीन चेहऱ्याभोवती फिरतं, अर्ध्या मिनिटात काम होतं, सुई-बिई काही नाही. आम्ही साडेतीनशे रुपये दिले. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीजवळ निघतो तो छोटा फोटो इथे पुरत नाही, त्यात दोन-तीन दात दिसतात आणि गाठ फोटोबाहेर राहते.

हिच्या ओपीजीत दाढेच्या जागेपासून कानाकडे चढणाऱ्या हाडापर्यंत गोल-गोल काळे कप्पे दिसत होते, अगदी मधाच्या पोळ्यासारखे. डॉक्टर लोक याला साबणाचे बुडबुडे म्हणतात. पण फोटोवरून नाव पक्कं होत नाही. असे काळे डाग साध्या पाण्याच्या गाठीचे, केराटोसिस्टचे, इतरही गाठींचे असू शकतात.

३. तुकडा तपासणीला घाबरू नका

"तुकडा काढला की गाठ चवताळते, कॅन्सर होतो," हे वाक्य मला सहा जणांनी ऐकवलं. त्यातले दोन शिकलेले. असं काही होत नाही. तोंडाच्या आतून, जागेवर भूल देऊन लहानसा तुकडा घेतात, टाका घालतात, त्याच दिवशी घरी सोडतात. आमचा रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी आला. हा कागद नसेल तर पुढचं काहीच ठरत नाही.

याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट जास्त महाग पडते. दाढ काढल्यावर चार महिन्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी हिचा जबडा उघडून आतलं "खरवडून साफ" केलं. निघालेला माल कचऱ्यात गेला. तपासणीला पाठवला नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. जबड्यातून जे काही निघेल, अगदी "साधी पाण्याची गाठ" म्हणाले तरी, ते डबीत भरून तपासणीला गेलंच पाहिजे. ऑपरेशनआधीच विचारा: "निघालेलं तपासायला पाठवणार ना? रिपोर्ट आम्हाला कधी मिळेल?"

४. 'कॅन्सर नाही' ऐकून बस पकडू नका

आमच्या भागात जबड्याला सूज म्हटलं की पहिला शब्द खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, आणि दुसरा कॅन्सर. प्रत्येक गावात खर्ऱ्याने तोंड गेलेला एखादा माणूस लोकांनी पाहिलेला असतो. त्यामुळे रिपोर्टवर 'बिनाइन' लिहून आलं आणि डॉक्टर म्हणाले कॅन्सर नाही, की सगळ्या घराचा जीव भांड्यात पडतो. आमचाही पडला. शेजारचे म्हणाले, "कॅन्सर नाई म्हनते न भाऊ, मंग कायले घाबरता?" पेढे वाटायचे तेवढे राहिले.

खरवडल्यानंतर चौदा महिने बरे गेले. मग सूज परत आली, आधीपेक्षा मोठी, आणि हाड इतकं पातळ झालेलं की बोटाने दाबलं तर अंड्याच्या टरफलासारखं लागायचं. या वेळी मात्र आम्ही दंत महाविद्यालयात गेलो. तिथल्या सर्जनने कागदावर जबड्याचं चित्र काढलं. दिसणारी गाठ गोल केली आणि तिच्या बाहेर पेनाने बारीक ठिपके मारले. म्हणाले, गाठ एवढी दिसते, पण तिच्या पेशी आजूबाजूच्या चांगल्या हाडात शिरलेल्या असतात. वरवर खरवडलं की ठिपके मागे राहतात.

माझ्या डोक्यात कुंदा आला, रानातलं ते चिवट तण. काळ्या रानात कुंदा खुरपून काढला तर पंधरा दिवस वावर स्वच्छ दिसतं. मुळ्या खाली तशाच असतात. खोल नांगरल्याशिवाय तो जात नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. बायकोच्या जबड्याला मात्र मी खुरपणी करून घेतली होती.

म्हणून नेहमीच्या प्रकारच्या अमेलोब्लास्टोमात गाठीभोवतीचं साधारण एक ते दोन सेंटीमीटर चांगलं हाडसुद्धा काढतात. गाठ लहान असेल आणि जबड्याची खालची कड मजबूत असेल, तर कड शाबूत ठेवून वरचा भाग काढता येतो. कड खाल्ली गेली असेल तर जबड्याचा आख्खा तुकडाच काढावा लागतो. एक अपवाद आहे: तरुण मुलामुलींत एकाच कप्प्याचा प्रकार सापडतो, त्याच्या काही जातींत कमी कापून भागतं. म्हणजे खरवडणं कायमच चूक असं नाही. पण तो निर्णय तुकड्याच्या रिपोर्टवर आणि सीटी स्कॅनवर व्हावा, खिशावर किंवा घाईवर नाही. पहिलंच ऑपरेशन पुरतं झालं तर दुसऱ्या वेळेला जाणारं हाड वाचतं. आमचं गेलं.

सर्जनसमोर बसलात की हे विचारा. मी डायरीत लिहून नेलं होतं, तरी एक प्रश्न विसरलोच:

- गाठीचा प्रकार नेमका कोणता? एक कप्पा की अनेक?
- हाडाची खालची कड राहणार की पूर्ण तुकडा जाणार?
- गेलेल्या हाडाच्या जागी काय बसवणार: नुसती टायटॅनियमची पट्टी, कमरेचं हाड, की पायाचं? त्याच ऑपरेशनमध्ये की नंतर?
- ओठाची नस वाचेल का?
- दात कधी आणि कसे बसतील? (हाच विसरलो.)

५. कुठे जायचं

डॉक्टरचं नाव शोधू नका, खातं शोधा. पाटीवर 'ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी' लिहिलेलं असतं. गावच्या भाषेत, जबड्याचे सर्जन. पायाचं हाड जबड्याला लावायचं असेल तर सोबत प्लास्टिक सर्जन, भुलेचे डॉक्टर आणि आयसीयू, सगळं एका छताखाली लागतं.

विदर्भात नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, मेडिकल चौकाजवळ, मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला) लागूनच. वर्ध्याजवळ सावंगी मेघे इथे शरद पवार दंत महाविद्यालय आणि विनोबा भावे रुग्णालय शेजारी-शेजारी आहेत. अमरावतीलाही दंत महाविद्यालय आहे. आमचं ऑपरेशन कुठे झालं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव वाचलं की लोक डोळे मिटून तिथेच जातात. तुमच्या गाठीला काय लागतं, तुमच्या गावाहून कोणती बस थेट आहे आणि योजना कुठे लागू आहे, या तीन गोष्टींवर ठरवा.

ओपीडीची चिठ्ठी सकाळीच काढावी लागते. घाटंजीहून पहाटेची गाडी धरूनही पहिल्या दिवशी आम्ही रांगेत मागे होतो. दुसऱ्या खेपेला आदल्या रात्रीच जाऊन नातेवाइकांकडे मुक्काम केला. एस.टी.त बायांना अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून. दहा-बारा फेऱ्या होतात, तेव्हा हा फरक कळतो.

६. कागदपत्रं, आणि माझी स्वतःची फजिती

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली, म्हणून जुने लोक अजून 'जीवनदायी'च म्हणतात. आता ती आयुष्मान भारतसोबत चालते. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि कोणत्याही रंगाच्या रेशन कार्डावर लाभ मिळतो. योजनेतल्या दवाखान्यात शिरताच आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचा, टेबल शोधा. चिठ्ठीच्या खिडकीच्या आधी तिथे जा.

मी रोज लोकांची आयुष्मान कार्डं काढून देतो. त्यामुळे आपलं काम दहा मिनिटांचं, अशा थाटात आरोग्यमित्रासमोर बसलो. त्याने नंबर टाकला आणि म्हणाला, "दादा, या कार्डावर ताईंचं नावच नाही." लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि माझ्या बायकोचं नाव अजून तिच्या माहेरच्या रेशन कार्डावर! शेकडो लोकांना मी स्वतः सांगितलंय की लग्नानंतर नाव इकडे चढवून घ्या. मग माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणला आणि आमच्या पुरवठा विभागात नाव चढवलं. एकोणीस दिवस गेले. ऑपरेशनची पहिली तारीखही गेली.

पिशवीत हे ठेवा, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स:

- रेशन कार्ड, ऑनलाइन झालेलं, रुग्णाचं नाव त्यावर आहे का ते आजच बघा
- रुग्णाचं आधार कार्ड. नावाचं स्पेलिंग आणि जन्मवर्ष दोन्हीकडे जुळतंय का ते तपासा
- आयुष्मान कार्ड काढलेलं असेल तर तेही
- पहिल्या दिवसापासूनचे सगळे केस पेपर, अगदी दाढ काढल्याची चिठ्ठीसुद्धा
- ओपीजीची फिल्म, सीटी स्कॅनची सीडी आणि रिपोर्ट
- तुकडा तपासणीचा मूळ रिपोर्ट (मूळ प्रत कुठेच सोडू नका, झेरॉक्स द्या)
- तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. योजनेत नाही बसलं तर धर्मादाय रुग्णालयातल्या सवलतीला किंवा मुख्यमंत्री सहायता निधीला लागतो
- बँक पासबुकाची झेरॉक्स

दवाखाना योजनेत आहे म्हणजे तुमचं ऑपरेशन तिथे योजनेत होईलच असं नाही. काही दवाखाने ठरावीक विभागांपुरतेच योजनेत असतात. "जबड्याचं हाड काढणं आणि नवीन हाड बसवणं, दोन्ही मंजूर होणार का? पट्टीचे पैसे त्यात आले का?" असं सरळ विचारा. भरती होण्याआधी दवाखाना ऑनलाइन मंजुरी मागतो, ती आल्याशिवाय तारखेवर विसंबून घरून निघू नका. मंजुरीनंतर कोणी पट्टीसाठी किंवा औषधासाठी वेगळे पैसे मागितले तर आधी आरोग्यमित्राला सांगा, नाहीतर १५५३८८ वर फोन लावा. रुग्णाचं जेवण आणि घरी परतायचं एस.टी.चं भाडंसुद्धा पॅकेजमध्ये धरलेलं असतं, हे फार कमी जणांना माहीत आहे.

७. ऑपरेशनच्या आधीचे पंधरा दिवस

रक्त, लघवी, साखर, छातीचा फोटो, ईसीजी हे सगळीकडेच होतं. आपल्या भागासाठी त्यात एक जास्तीची गोष्ट आहे, सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. विदर्भात तो बऱ्याच घरांत आहे आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे माहीतही नसतं. लांब भूल देण्याआधी भुलेच्या डॉक्टरांना हे कळलंच पाहिजे. घरात कोणाला असेल, कोणाचं कार्ड असेल, तर न विचारता सांगा.

दुसरी गोष्ट खर्रा. माझी बायको खात नाही, पण हिच्या शेजारच्या खाटेवरच्या काकूंचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं. सुपारीने गालाची आतली कातडी दोरीसारखी आवळते. तोंड उघडलं नाही तर भुलेची नळी घालणं अवघड होऊन बसतं. शिवाय तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि पायाचं हाड जबड्याला लावलं की ते त्याच बारीक वाहिन्यांच्या जोडावर जगतं. त्यामुळे खर्रा, बिडी, गुटखा तारीख मिळाल्या दिवसापासून बंद. भुलेच्या डॉक्टरांशी खोटं बोलू नका, ते तोंड उघडायला लावतात तेव्हा सगळं दिसतंच.

रक्त देणारे दोन-तीन जण आधीच ठरवून ठेवा. ऐनवेळी गावातून माणसं येतील यावर राहू नका, कापसाच्या दिवसांत तर नाहीच.

तारखेबद्दल एक. ही गाठ आज-उद्यात जीव घेत नाही, त्यामुळे सोयाबीन काढून, थोडा कापूस विकून गेलात तर चालेल का, असं डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. काही आठवडे इकडे-तिकडे झाले तर बहुतेक वेळा चालतं. पण "कापूस झाला की जाऊ" म्हणणारे तूर आली की थांबतात, मग लग्नसराई, मग पेरणी. तारीख लेखी घ्या.

आणि बाईमाणूस रुग्ण असेल तर सोबत बाई न्या. महिला वॉर्डात रात्री पुरुषाला थांबू देत नाहीत. हे मला भरतीच्या रात्री नऊ वाजता कळलं. सासूबाईंना फोन केला तेव्हा शेवटची बस गेलेली होती. ती रात्र हिने एकटीने काढली.

८. ऑपरेशन

आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात. सकाळी साडेआठला आत नेलं, संध्याकाळी सातला बाहेर आणलं. हिच्या पायाच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, ज्याला फिब्युला म्हणतात, ते रक्तवाहिनीसकट काढलं, जबड्याच्या वळणाप्रमाणे कापून पट्टीवर बसवलं आणि त्याची वाहिनी मानेतल्या वाहिनीला जोडली. पायात वजन घेणारं मोठं हाड वेगळं असतं, त्यामुळे माणूस लंगडा होत नाही. घोट्याजवळचा आणि गुडघ्याजवळचा थोडा भाग तसाच ठेवतात.

बाहेर आणतील तेव्हा चेहरा ओळखू येणार नाही, याची तयारी ठेवा. दुप्पट सुजलेला, नाकात नळी, मानेत साचलेलं रक्त बाहेर काढणारी नळी, पायाला पट्ट्या. काहींच्या गळ्याला श्वासासाठी तात्पुरतं छिद्रही करतात. लहान मुलांना त्या दिवशी आणू नका. पहिले दोन-तीन दिवस नर्स तासातासाला लावलेल्या भागाचा रंग आणि ऊब बघते. रात्री उठवतात म्हणून चिडू नका. तिथे रक्त अडलं तर लगेच परत आत न्यावं लागतं, तासांचा प्रश्न असतो.

वरचे-खालचे दात तारेने बांधले असतील तर तार कापायची कात्री उशाशी ठेवायला सांगतात. उलटी झाली आणि तोंड उघडलं नाही तर गुदमरू शकतं. कात्री कुठे ठेवली आहे आणि तार कशी कापायची, हे रात्रीच्या सोबतीणीलाही दाखवून घ्या.

९. नाकातल्या नळीतून जेवण

हे कोणी नीट शिकवत नाही, म्हणून लांबवतो. तोंडातले टाके भरेपर्यंत सगळं नळीतून जातं. आमच्याकडे बारा दिवस. वॉर्डात मोठी सिरिंज देतात. डोकं उंच करायचं, अन्न कोमट असावं, सिरिंजचा दट्ट्या काढून वरून ओतायचं आणि आपोआप उतरू द्यायचं. जोर लावून ढकलायचं नाही. आधी थोडं पाणी, मग जेवण, शेवटी परत पाणी. नळी हललेली वाटली, खोकला आला, तर थांबून नर्सला बोलवा.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तुरीच्या वरणाचं घट्ट पाणी केलं. त्यांना वाटलं, पोरीच्या पोटात काहीतरी जावं. जिऱ्याचे दोन दाणे नळीत अडकले आणि नळी बंद पडली. रात्री दोन वाजता नर्सने कोमट पाणी टाकत, ओढत, अर्ध्या तासाने मोकळी केली. त्यानंतर आम्ही सगळं धुतलेल्या पंचातून दोनदा गाळायचो. वरणाचं पाणी, ज्वारीची पातळ आंबील, दूध, ताक, सातूचं पातळ पाणी, डॉक्टरांनी सांगितलेली पावडर. फोडणी नाही, जिरं नाही, बी नाही. पावडर-दूध कधी किती दिलं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचो, कारण फेरीवर डॉक्टर तेच विचारतात.

नळी निघाली तरी लगेच भाकर नाही. डॉक्टर सांगतील तितके आठवडे पातळ आणि मऊ, आमच्याकडे सहा. मिक्सर दवाखान्याजवळच्या खोलीवर नेला होता. गावी आल्यावर लाईट गेली की पंचाईत व्हायची, म्हणून लाईट असतानाच दोन वेळचं फिरवून ठेवायचो. संत्र्याचा रस लोक प्रेमाने आणतात, पण आंबट कच्च्या टाक्यांना झोंबतं. सध्या नको म्हणा.

१०. घरी आल्यावर

ओठ. हिची खालच्या ओठाची नस गाठीतूनच जात होती, ती गेली. डावा अर्धा ओठ आणि हनुवटी बधिर आहे. चहा ओघळतो आणि कळत नाही. हनुवटीवर भाताचं शीत राहतं. गरम चहाने ओठ भाजला तेही आरशात पाहून कळलं. आता ती चहा बशीत ओतून, बोटाने चटका पाहून पिते, आणि कमरेला रुमाल खोचलेला असतो. घरातल्यांनी एवढंच करायचं: शीत दिसलं तर चारचौघांत ओरडून सांगायचं नाही, आपल्या हनुवटीला हात लावायचा. ती समजते.

तोंड उघडणं. डॉक्टरांनी सांगितल्यावर व्यायाम सुरू करायचा. आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या. आमच्याकडे सात काड्यांपासून सुरू झालं, तीन महिन्यांनी एकोणीस. दुखतं म्हणून सोडलं तर जबडा आखडतो.

पाय. जखम भरली तरी घोटा आखडलेला आणि अंगठा थोडा अशक्त राहतो. उकिडवं बसणं काही महिने जमत नाही. संडाससाठी खुर्ची आधीच आणून ठेवा, मी तर सुट्टी झाल्यावर धावपळ केली. कापूस वेचायला ती पाचव्या महिन्यात गेली, ओझं मात्र उचलू दिलं नाही.

ताप, जखमेतून पू, पट्टी तोंडात किंवा गालावर उघडी दिसणं, पोटरीत अचानक सूज, यातलं काही झालं तर तारखेची वाट बघू नका. गावातून पाठवलेला मोबाइलवरचा फोटो वॉर्डात कोणी पाहीलच असं नाही. सरळ जा.

दात हा माझा विसरलेला प्रश्न. नवीन हाड पक्कं झालं की साधारण सहा महिने ते वर्षभराने स्क्रूचे दात बसवता येतात, नाहीतर काढ-घालीची कवळी. याचा खर्च योजनेत धरलाय का, ते भरतीच्या वेळीच आरोग्यमित्राला विचारून ठेवा. आम्ही विचारलं नव्हतं आणि आता पैसे जमवतोय. तोवर ती उजव्या बाजूने खाते.

११. अंतिम रिपोर्ट आणि पुढची वर्षं

सुट्टी होताना डिस्चार्ज कार्ड मिळतं, पण काढलेल्या हाडाचा रिपोर्ट त्यानंतर येतो. तो आणायला लोक परत जातच नाहीत. त्यात एकच ओळ शोधायची: कडा मोकळ्या आहेत की नाहीत. कडेपर्यंत गाठ असेल तर पुढची तपासणी जास्त घट्ट ठेवावी लागते, कधी परत ऑपरेशनही.

ही गाठ दहा वर्षांनीही परत आलेली डॉक्टरांनी पाहिलेली आहे. म्हणून पहिली काही वर्षं दर सहा महिन्यांनी ओपीजी, मग वर्षातून एकदा, आणि काही दुखत नसेल तरीही. जुने फोटो सोबत न्या. डॉक्टर जुना-नवा शेजारी धरून पाहतात, नुसत्या नव्यावरून बारीक फरक कळत नाही. फिल्म टिनाच्या छताखाली उन्हाळ्यात एकमेकींना चिकटते, आमची एक अशीच गेली. आता सगळ्या फिल्म्स मध्ये कागद घालून, सातबाऱ्याच्या फाइलसोबत, धान्याच्या कोठीमागच्या पेटीत असतात. पुढची तारीख पोळ्यानंतरच्या सोमवारी आहे. कॅलेंडरवर तिने स्वतःच गोल केलाय.